किट घ्या हो, पण त्या सहाशे डॉलरचं काय?

टेक्सासमधून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३९, आयटीत नोकरी, पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. पत्नीही नोकरी करतात, मुलगी सहा वर्षांची. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यांनी ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं आणि नेमबाजीची गोडी लागली. महिन्याला साधारण ३०० गोळ्या उडतात. ते विचारतात: ‘नाइन एमएमच्या गोळ्या आता जड जातात. त्याच पिस्तुलातून छोटी, स्वस्त पॉइंट ट्वेंटी-टूची गोळी मारता येईल असा कन्व्हर्जन किट जादा मॅगझिनसकट ४०० डॉलरला पडतोय, तो घ्यावा का? की भाव वाढण्याआधी नाइन एमएमच दहा हजार घेऊन ठेवू? सध्या ओढाताण आहे, कारण मित्राच्या सल्ल्याने महिना ६०० डॉलर आययूएल पॉलिसीत (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) जातात, म्हणून ४०१-के (पगारातून भरायचं निवृत्तीचं खातं) तूर्त बंद ठेवलं आहे.’

चारशेचा प्रश्न आधी उरकू.

किट म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग: नवी हलकी स्लाइड (गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा भाग), नवी नळी, वेगळं मॅगझिन. खालची फ्रेम, मूठ आणि ट्रिगर तुमचाच राहतो. अमेरिकेच्या कायद्याने ग्लॉकची फ्रेम हीच ‘बंदूक’ धरली जाते, त्यामुळे किट सुटा भाग म्हणून विकला जातो. (भारतातल्या वाचकांनी या भानगडीत पडू नये, तिथे शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच. आणि अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना, मोजके अपवाद सोडले तर, पिस्तूल काय, काडतूसही बाळगता येत नाही.)

ट्वेंटी-टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. ट्वेंटी-टूची आजची नेहमीची रचना १८८७ सालची. गोळी ४० ग्रेन वजनाची, नाइन एमएमची नेहमीची ११५ ची. शिसं कमी, दारू कमी, म्हणून स्वस्त. नाइन एमएम २५ सेंटला एक धरा. ट्वेंटी-टू घाऊक डब्यात सहा-सात सेंटलाही मिळते, पण हे किट खाण्याच्या बाबतीत जावयासारखे असतात, हलकं काही चालत नाही. जरा दमदार काडतूस नसेल तर हलकी स्लाइडही पुरती मागे जात नाही आणि गोळी अडकते. म्हणून दहा सेंट धरू. फरक १५ सेंटचा. ३०० पैकी २०० गोळ्या ट्वेंटी-टूच्या मारल्या तर महिन्याला ३० डॉलर वाचतात आणि किटचे पैसे तेरा-चौदा महिन्यांत फिटतात.

कागदावर. माझ्या मेहुण्याने असाच किट घेतला. गोळी स्वस्त झाल्यावर तो महिन्याला ३०० ऐवजी ७०० मारू लागला. बिल तेवढंच राहिलं, नेम मात्र सुधारला. याला मी छंद म्हणतो, बचत म्हणत नाही. छंदासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या. जवळपास तेवढ्याच पैशांत अख्खं वेगळं ट्वेंटी-टू पिस्तूलही येतं, पण मग ट्रिगर आणि मूठ बदलते. किटचा सारा अर्थ सवयीच्या ट्रिगरवर सराव होण्यात आहे. धक्का सांभाळायचा सराव ट्वेंटी-टूने होत नाही, म्हणून ते शंभर राउंड नाइन एमएमचेच ठेवा. आणि घरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, पिस्तूल दोनदा तपासून केलेला रिकाम्या ट्रिगरचा सराव फुकट आहे. फक्त किट चढवलेला असताना तो करू नका. रिमफायरची पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आपटते.

दहा हजार गोळ्यांचा साठा? अडीच हजार डॉलर कपाटात. २०१३ मध्ये ट्वेंटी-टू दुकानांतून गायब झाली होती, २०२०-२१ मध्ये नाइन एमएमचा भाव कडाडला होता. दोन्ही वेळा घाईने भरून ठेवणाऱ्यांनी पुढे भाव उतरताना पाहिले. तीन-चार महिन्यांच्या सरावापुरत्या घ्या, पुरे.

मुलगी सहा वर्षांची आहे आणि पत्रात कुलपाच्या पेटीचा उल्लेख नाही. नसेल तर किटच्या आधी ती.

आता सहाशे डॉलर.

तुमची कंपनी ४०१-के मध्ये पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमच्या भरण्याच्या निम्मी रक्कम घालते, असं तुम्हीच लिहिलं आहे. ६ टक्के म्हणजे वर्षाला ७,२०० डॉलर. आययूएलचा हप्ता वर्षाला किती? ७,२००. तीच रक्कम, फक्त दार चुकलं. ४०१-के मध्ये ७,२०० टाकले की कंपनीचे ३,६०० येतात, आणि तुमच्या २२ टक्के कराच्या टप्प्यात सुमारे १,६०० डॉलर कर यंदा कमी होतो. पॉलिसीच्या तीन वर्षांत कंपनीचे १०,८०० डॉलर तुम्ही नको म्हणालात. नुसते ते ३,६०० दरवर्षी २० वर्षं ६ टक्क्यांनी वाढले तरी १ लाख ३० हजारांच्या आसपास होतात. गोळीमागे १५ सेंट वाचवायला निघालेल्या माणसाचे हे आकडे आहेत!

पॉलिसीत काय मिळालं? भरले २१,६००, आज मोडली तर हाती ९,४००. मित्राने दाखवलेल्या तक्त्यात दरवर्षी सव्वासात टक्के आणि साठीनंतर ‘करमुक्त पेन्शन’ आहे. ती पेन्शन म्हणजे पॉलिसीवर काढलेलं कर्ज, आणि पॉलिसी मध्येच कोलमडली तर त्यातल्या नफ्यावर कर बसतो. तुमच्या पॉलिसीत निर्देशांक कितीही वाढला तरी वर्षाला जास्तीत जास्त ९ टक्केच मिळतात. एस अँड पी ५०० निर्देशांक २०२३ मध्ये २४ टक्के वाढला, २०२४ मध्ये २३. तुम्हाला दोन्ही वर्षी नऊच, तेही लाभांश सोडून. २०२२ सारख्या वर्षी निर्देशांक १९ टक्के पडला तेव्हा तुम्हाला शून्य मिळालं असतं, उणे नाही, हे मान्य. पण त्या शून्याच्या वर्षीही विम्याचा खर्च खात्यातून कापला जातोच आणि तो वयाबरोबर वाढत जातो. पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा भाग कमिशनमध्ये गेला. मित्राने ते सांगितलं नसणार. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात असताना असले विषय निघत नाहीत. आपल्या मंडळांतून ही पॉलिसी ज्या उत्साहाने विकली जाते तो पाहिला की माझं डोकं फिरतं.

४०१-के कमाल मर्यादेपर्यंत भरून, बाकीही सगळं करून पैसे उरतात अशा मोजक्या लोकांसाठी आययूएलचा काही उपयोग असू शकतो. तुम्ही त्यांत नाही.

काय करायचं? ४०१-के येत्या पगारापासून ६ टक्क्यांवर सुरू करा. कंपनीचा वाटा पूर्ण तुमचा व्हायला किती वर्षं नोकरी लागते, ते एचआरला विचारून घ्या. मग दहा लाख डॉलरचा २० वर्षांचा साधा टर्म विमा. प्रकृती उत्तम असेल तर महिन्याला साधारण ६०-७० डॉलर. तो मंजूर होऊन कागद हातात आल्यावर आययूएल मोडा. १२,२०० गेले ते गेले, ते भरून काढायला आणखी हप्ते घालू नका. मोडताना नफाच नाही, त्यामुळे करही नाही. मिळालेले ९,४०० अडीनडीच्या पैशात ठेवा.

महिन्याचा हिशेब पाहा. ४०१-के चे ६०० पगारातून गेले तरी कर वाचल्याने हातातले सुमारे ४७०च कमी होतात. टर्मचे ६५. जुन्या सहाशेतून ६५ उरतात, म्हणजे सहा-सात महिन्यांत किट रोखीने येतो.

मित्र नवा तक्ता घेऊन घरी येईल. चहा-पोहे द्या. सही मात्र कशावरही करू नका, आणि टर्मचा कागद येईपर्यंत आययूएलचा हप्ता चुकवू नका.