लातूरमधील लहान फिशटँकमध्ये शेवाळ माजले असताना कमी उजेडात वाढणाऱ्या वनस्पतींना खत द्यावे का?

खत अवश्य द्यावे, मात्र त्याआधी उजेड कमी करावा. दिवा १२ तास चालू असतो आणि टाकी खिडकीशेजारी आहे, असे आपण लिहिले आहे. शेवाळाचे मुख्य कारण तेच दिसते. दिवा ६ ते ७ तासच ठेवावा आणि खिडकीला पडदा लावावा, कारण मराठवाड्यातील उन्हाळ्यात थेट उन्हाने शेवाळ तर माजतेच, शिवाय लहान टाकीतले पाणीही झपाट्याने तापते.

आपल्या टाकीतील अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांची भूक थोडी असते. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) त्यांना माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून बहुधा मिळते. कमी पडते ते पालाश (पोटॅशियम) आणि लोह. जुन्या पानांवर बारीक छिद्रे पडून कडा पिवळ्या होत असतील तर पालाश कमी आहे असे समजावे. नवे पान फिके पण शिरा हिरव्या असतील, तर लोह. मत्स्यटाकीसाठीचे द्रवखत बाटलीवरील मात्रेच्या निम्मे, आठवड्यातून एकदा, पाव ते तृतीयांश पाणी बदलल्यानंतर घालावे. शेतातला युरिया मात्र चिमूटभरही नको. त्यातून अमोनिया तयार होऊन मासे दगावतात. अनुबियासचे आडवे खोड वाळूत पुरलेले असल्यास ते आजच वर काढून दगडाला बांधावे, अन्यथा ते कुजते.