उपग्रह चित्रातील तांबडा पट्टा आणि युरियाचा निर्णय

प्रश्न : मांडवीकाठच्या आमच्या खाजनाचे (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीचे) उपग्रह चित्र चतुर्थीनंतर आभाळ मोकळे झाल्यावर मोबाइलवर पाहिले, तेव्हा मानशीजवळचा (मानस म्हणजे बांधातील पाण्याचे दार) पट्टा तांबडा दिसला. तेथील भाताला युरियाचा आणखी एक हप्ता द्यावा का?

उत्तर : तूर्त देऊ नये. हे चित्र सहसा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचे असते आणि त्यातील रंग एनडीव्हीआय निर्देशांकानुसार, म्हणजे पिकाने परतवलेल्या तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या तुलनेवरून, भरलेले असतात. हिरवेपणा कमी आहे एवढेच त्यावरून कळते; तो नत्राअभावी कमी झाला, खाऱ्या पाण्याने की दाणा पिकू लागल्याने, हे कळत नाही. शेजाऱ्याने लवकर येणारे वाण लावले असेल तर त्याचे उत्तम पीकही या दिवसांत तांबडेच दिसेल.

मानशीजवळचा पट्टा म्हटल्यावर माझा पहिला संशय खाऱ्या पाण्यावर जातो. पाऊस ओसरला की नदीचे पाणी पुन्हा खारे होऊ लागते आणि दाराची फळी नीट बसत नसेल किंवा बांधाला खेकड्यांनी बिळे पाडली असतील, तर भरतीचे पाणी आत झिरपते. म्हणून भरतीच्या वेळी तेथे स्वतः जाऊन पाहावे. पानांचे शेंडे पांढरट पडून वाळले असतील, फुटवे कमी व रोपे खुजी असतील, तर क्षारांचा ताण समजावा आणि खात्रीसाठी त्या पट्ट्यातील व चांगल्या भागातील माती वेगवेगळ्या पिशव्यांत विभागीय कृषी कार्यालयात आणून क्षारता तपासून घ्यावी. अशा जागी आधी गळती बंद करावी, ओहोटीला साचलेले पाणी सोडावे आणि पावसाचे गोडे पाणी शेतात अडवावे. ताणाखालचे पीक युरिया नीट उचलत नाही, शिवाय लोंब्या बाहेर पडल्या असतील तर त्या हप्त्याची वेळही टळलेली असते. उलट जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी असून पीक अजून फुटव्यांवर असेल, तर पर्णरंग तक्ता (पानाचा हिरवेपणा ताडून पाहण्याची रंगपट्टी) लावून नत्राचा निर्णय घ्यावा.

या चित्रातील एक ठिपका १० मीटर लांब व तितकाच रुंद असतो; त्यामुळे ८०० चौरस मीटरच्या तुकड्यात जेमतेम आठ ठिपके बसतात आणि कडेच्या ठिपक्यांत बांधावरचे माडही मिसळतात. एकेका मालकाच्या तुकड्यापेक्षा संपूर्ण खाजनाचे चित्र सर्वांनी मिळून पाहिलेले अधिक उपयोगी, कारण मानस आणि बांध सामाईकच असतात. जून-जुलैत ढगांमुळे असे चित्र क्वचितच मिळते. ढगांतून पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार चित्रे तुंबलेले पाणी दाखवू शकतात, मात्र ती वाचण्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी.