वर्ग घ्यायचाय, पण शरीर तयार आहे का?

आजारपण, बाळंतपण, नोकरी, घरातल्या कुणाचं दुखणं. खंड पडायची कारणं अनेक, पण परतणाऱ्या योगशिक्षकांचा सूर एकच: ‘मला तर सगळं येतं!’ येतं ते डोक्याला. म्हणून यावेळी त्यांचेच प्रश्न.

प्रश्न : जुनं प्रमाणपत्र चालेल का?

ज्या संस्थेने दिलं तिलाच विचारा.

प्रश्न : ‘सात दिवसांत पूर्वीसारखे व्हा’ असा ऑनलाइन कोर्स करू का?

नको. सात दिवसांत फक्त फी जमा होते.

प्रश्न : वर्गात पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) करून दाखवताना उजव्या नितंबाखाली एका जागी दुखतं. खुर्चीवर बसलं की वाढतं. सहकारी म्हणतात, ताण देत राहा, सुटेल.

सहकाऱ्यांचं ऐकू नका. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावली असण्याची दाट शक्यता आहे. पुढे वाकलं की ती हाडावर दाबली जाते, म्हणजे ‘सुटेल’ म्हणून दिलेला ताण दुखण्यात भरच घालतो. सराव सुरू केला की स्नायूंची ताकद लवकर परतते. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती मागे राहते, आणि परतलेले शिक्षक नेमके इथेच फसतात. त्यात आपली जुनी खोड: अंग तापलेलं नसताना मध्येच बसून पूर्ण आसन दाखवायचं, तेही दर वेळी उजव्याच बाजूने. दाखवायचंच कशाला? तोंडाने सांगा. ‘गुडघे थोडे वाकवा, पोट मांडीकडे न्या’ एवढं ऐकून वर्ग नीट वाकत नसेल, तर सूचना सुधारा. तूर्त खोल पुढे वाकणं आणि हनुमानासन (एक पाय पुढे, एक मागे पूर्ण ताणून बसणं) बंद. सेतुबंधासनासारख्या (उताणं झोपून कंबर उचलायच्या) हालचालींनी कंडरेवर हळूहळू भार वाढवतात, पण किती आणि कधी, हे फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवायचं. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्यांचं दुखणं वर्षभर रेंगाळतं. या आठवड्यातच जा.

प्रश्न : सिझेरियनला चार महिने झाले. पोट कमी व्हावं म्हणून कपालभाती सुरू करू?

कपालभातीने चरबी झडते, ही ऐकीव गोष्ट. उताणं झोपून, गुडघे वाकवून डोकं किंचित उचला. बेंबीच्या रेषेत उंचवटा आला, तर पोटाचे स्नायू अजून दुरावलेले असू शकतात. अशा वेळी कपालभातीत पोटाला बसणारे हिसके आणि नौकासन (पाय आणि धड उचलून तोलणं) दोन्ही नकोत. उंचवटा नसला तरी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची परवानगी घ्या.

प्रश्न : काचबिंदूचं निदान झालंय. शीर्षासन फक्त दाखवण्यापुरतं?

नाही. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. अधोमुख श्वानासनातही तो वाढतो, तेव्हा इतर उलट्या आसनांबद्दल नेत्रतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : दुसऱ्यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायला संकोच वाटतो.

मागच्या रांगेत बसा, आणि आपण शिक्षक आहोत हे कुणाला सांगू नका. हात वर ताणलेले असताना ‘खांदे सैल सोडा’ ऐकलं की नवख्याची पंचाईत कळते. हे वाक्य आपणही वर्षानुवर्षं म्हणत आलोय. ओळखीचं आसन आलं की शेवटच्या टप्प्यावर उडी मारावीशी वाटेल. पहिल्या टप्प्यावरच थांबा.

प्रश्न : सुरुवातीला किती सूर्यनमस्कार?

शेवटचा घालताना तोंडाने श्वास घ्यावा लागणार नाही, इतकेच. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर.