रोटरी चालू केली की प्रेशर का चढतं? 6 इंची होलचा हिशोब

उरणच्या मित्राचा प्रश्न असा: मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर 6 इंची साईडट्रॅक (जुन्या विहिरीतून बाजूला काढलेलं नवं होल) चालू आहे. पंपाचे स्ट्रोक तेच, मड (पाइपमधून खाली जाऊन बाहेरच्या फटीतून वर येणारा ड्रिलिंगचा द्रव) तेच, तरी रोटरी (पाइप फिरवणारी यंत्रणा) चालू केली की स्टँडपाइप प्रेशर, म्हणजे पंपाच्या वाटेवर वर मोजलेलं प्रेशर, चढतं. पुस्तकात तर लिहिलंय की पाइप फिरवला की मड पातळ पडतं आणि प्रेशर उतरतं. मग खरं काय?

पुस्तकातलं चूक नाही, पण त्याला अटी आहेत. पाइप बरोबर मध्यभागी हवा, प्रवाह लॅमिनार (थराथरांनी संथ वाहणारा) हवा आणि मड शिअर-थिनिंग (ढवळलं की पातळ होणारं) हवं. मग फिरण्याने शिअर वाढतो, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) घटते, लॉस (घर्षणात खर्च होणारं प्रेशर) कमी होतो. तुमच्या होलमध्ये पाइप मध्यभागी राहतच नाही. थांबलेला असताना तो खालच्या बाजूला टेकतो आणि वरच्या मोकळ्या फटीतून मड सहज वर येतं. साध्या न्यूटोनियन (पाण्यासारख्या, ढवळल्याने दाटपणा न बदलणाऱ्या) द्रवाचं गणित सांगतं, की अरुंद फटीत पूर्ण टेकलेल्या पाइपला मध्यभागच्या पाइपच्या फक्त 40 टक्के लॉस लागतो. रोटरीने पाइप तिथून उचलला गेला, भिंतीवर आपटत फिरू लागला, की ही सूट जाते. शिवाय फिरत्या पाइपभोवती मडमध्ये टेलर भोवरे उठतात, त्यांनाही ऊर्जा लागते. प्रवाह आधीच टर्ब्युलंट (खळबळता) असेल तर लॉस वाढणारच. म्हणून अरुंद होलमध्ये 'चढतं' हेच धरून चाला.

आकडे बघा. 6 इंची होल, 3½ इंची पाइप: फट सव्वा इंच. 4¾ इंची टूल जॉइंटपाशी (पाइपच्या जाड सांध्यापाशी) ती पाऊण इंचाहूनही कमी, 0.625 इंच. न्यूटोनियन द्रवाच्या लॅमिनार प्रवाहात लॉस फटीच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणून टूल जॉइंटकडे दुर्लक्ष करून केलेला हिशोब कमीच येतो.

रोटरीने पाइपभोवतीच्या फटीतला लॉस फक्त 7 किलो प्रति चौ. सेंमी वाढला, तरी 2500 मीटर उभ्या खोलीवर ईसीडी (घर्षण धरून तळाला जाणवणारी मडची घनता) 7 × 10 ÷ 2500, म्हणजे 0.028 ग्रॅम प्रति सीसीने वाढते. प्रेशर उतरलेल्या चुनखडीत मड लॉस (मड खडकात झिरपणं) सुरू व्हायला तेवढं पुरतं.

नेमकी वाढ आपल्याच विहिरीत मोजा. शू (विहिरीच्या पोलादी अस्तराचं, म्हणजे केसिंगचं, खालचं टोक) ड्रिल करण्याआधी, केसिंगमध्ये, बिट ऑफ-बॉटम (तळाला न टेकवता) ठेवून पंप ठरलेल्या स्ट्रोकवर स्थिर करा. मग 0, 40, 80, 120 आरपीएम; प्रत्येक टप्प्यावर प्रेशर स्थिर होऊ द्या, मगच नोंदवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाइपच्या आतला लॉस फिरण्याने फारसा बदलत नाही, त्यामुळे स्टँडपाइपवरचा फरक बहुतेक पाइपभोवतीच्या फटीचा, म्हणजे अ‍ॅन्युलसचाच. पीडब्ल्यूडी टूल (ड्रिलिंग चालू असताना खाली प्रेशर मोजणारं) असेल तर उत्तमच. ओपन होलमध्ये (केसिंग नसलेल्या भागात) हीच चाचणी बॉटम्स-अप सर्क्युलेट केल्यावर, म्हणजे तळचं मड वर येईपर्यंत पंप चालवून करा, नाहीतर कटिंग्ज (दगडाचा चुरा) आकडे बिघडवतात: रोटरीने खाली साठलेला त्यांचा बेड उचलला की प्रेशर आधी चढतं, होल साफ झालं की उतरतं. चढून तसंच राहिलं तर फिरण्याचा परिणाम; चढून हळूहळू उतरलं तर कटिंग्ज.

खरा धोका कनेक्शनला (नवा पाइप जोडताना). पंप आणि रोटरी दोन्ही थांबले की वाढलेल्या ईसीडीचा आधार एकदम जातो. ड्रिलिंग करताना मड लॉस आणि कनेक्शनला फ्लो (पंप बंद असूनही मड वर येणं), असं दिसलं की काहीजण लगेच मड जड करतात. आधी परत आलेलं मड मोजा: दरवेळी कमी होत थांबत असेल तर फॉर्मेशन घेतलेलं परत देतंय, वाढत असेल तर किक (विहिरीत शिरलेला वायू किंवा तेल). तपासायला वेळ थोडाच असतो, कारण या अ‍ॅन्युलसमध्ये मीटरला फक्त 12 लिटर बसतात. 1 घनमीटर किक इथे 83 मीटर उंची घेते. 12¼ इंची होलमध्ये 5 इंची पाइप असेल तर तीच 16 मीटरच्या आत. पुन्हा चालू करताना आधी रोटरी हळू फिरवून जेल (थांबल्याने घट्ट झालेलं मड) मोडा, मगच पंप टप्प्याटप्प्याने वाढवा.