हिरवी असतानाच माना टाकणारी वांगी आणि दसऱ्यानंतरचं परस

ताई, तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीला घरामागच्या परसात चतुर्थीनंतर लावलेली वांगी आणि मिरच्या फुलावर आल्या आणि मग एकेक करत दोन-तीन दिवसांत सुकल्या. पानं पिवळी पडली नाहीत, कीड दिसली नाही, पाणीही वेळेवर होतं. इथे काहींनी पाणी वाढवायला सांगितलंय. कृपा करून वाढवू नका. हा जिवाणूजन्य मर रोग असेल तर पाण्यानेच तो शेजारच्या झाडाकडे जातो.

आधी खात्री करून घ्या. नुकत्याच माना टाकलेल्या एका झाडाचा जमिनीलगतचा दांडा बोटभर लांबीचा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात वरून लोंबकळत धरा. हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. धागे नसतील तर मूळ उपटून बघा. गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असले तर बुंधा कुजलाय. आणि सगळं झाड ताठ असून एखादाच शेंडा लोंबत असेल तर ती शेंडा पोखरणारी अळी. तो शेंडा थोडा खालून कापून नष्ट केला की पुरतं. या चारही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून तपासल्याशिवाय औषधाच्या दुकानात जाऊ नये असं मला फार कळकळीने वाटतं. मर रोगावर बुरशीनाशक चालत नाही, कारण ती बुरशीच नाही.

तुमचं वर्णन मला मर रोगाचंच वाटतं. आपली जांभ्याची तांबडी माती आंबट. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो. ऑक्टोबरात ऊन तापतं, मध्येच दुपारी गडगडाट होऊन सर येते, माती ऊबदार आणि ओली राहते. या जिवाणूला हेच हवं असतं. तो मुळांच्या जखमांतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवतो. म्हणून माती ओली असूनही झाड तहानेने मरतं.

आता मुख्य गोष्ट. मळ्यातली वांगी-मिरची टिकते आणि परसातली का जाते, असं तुम्ही विचारलंय. मळ्यात पावसाळाभर भात असतं, माती पाण्याखाली बुडालेली असते आणि त्या बिनहवेच्या चिखलात या रोगाचा जोर बराच कमी होतो. भात कापल्यावर तिथे मिरची, वांगी, अळसांदे (आपली टपोरी चवळी) लावतात, ती तुलनेने निरोगी जमिनीत. परसात भात कधीच होत नाही. त्याच चार वाफ्यांत दरवर्षी वांगी, मिरची, टोमॅटो आलटून पालटून लावले की आपल्याला पीक बदलल्यासारखं वाटतं, पण तिन्ही एकाच कुळातली. रोगाला दरवर्षी घर मिळतं. जुन्या लोकांनी मळा आणि परस यांची पिकं वेगळी ठेवली, त्यात मोठं शहाणपण होतं.

तेव्हा या हंगामात त्या वाफ्यांत वांग्याच्या कुळातलं काही नको, पुढची दोन-तीन वर्षंही नको. मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या वाफ्यातलं पाणी उताराने दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका. कुदळ धुऊन उन्हात ठेवा. चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम चुना मातीत मिसळा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मगच शेणखत घाला. दोन्ही एकदम घातलं तर खतातलं नत्र उडून जातं. चुन्याने रोग संपत नाही, पण मातीचा आंबटपणा उतरतो आणि पुढचं पीक सुधारतं.

आणि वाफे रिकामे ठेवायची गरज नाही! तांबडी भाजी (लाल माठ) पेरा, महिनाभरात ताटात येते. बी राखेत कालवून विखरा, म्हणजे ते सारखं पडतं आणि मुंग्याही कमी नेतात. मुळा, अळसांदे, चवळी, मका सगळं चालेल. अळसांद्यांची मुळं जमिनीला नत्र देतात, शेंगा काढल्यावर वेल तिथेच कापून मुळं मातीत राहू द्या. कडेला झेंडू लावा, सूत्रकृमी असतील तर त्याचा उपयोग होतो.

वांगी हवीतच असतील (आणि आगशीचं वांगं खाल्लेल्या माणसाला ती हवीच असणार, हे मी समजू शकते) तर दोन वाटा आहेत. एक, कुंड्या किंवा पिशव्या. त्यात परसातली माती अजिबात नको. मळ्यातली माती, कुजलेलं शेणखत आणि सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा घ्या आणि कुंडी जमिनीवर न टेकवता चिऱ्यावर ठेवा. दुसरी, रानवांग्याच्या खुंटावर बांधलेलं कलम. त्या खुंटाला हा रोग सहसा लागत नाही. खुंटाचं बी सावकाश रुजतं, म्हणून ते वांग्याच्या बियाआधी काही आठवडे पेरावं लागतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या वांग्याला मुळं फुटतात आणि सगळी मेहनत वाया. बियाण्यातून लावायचं तर बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का केशव, अर्का नीलकंठ ही वांगी आणि अर्का रक्षक टोमॅटो मर रोगाला तोंड देणारे म्हणून काढलेले आहेत. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही यावर काम केलंय, तिथे जाऊन विचारा. रोपं तुळशीच्या लग्नानंतर लावा. रात्री गार झाल्या की रोगाचा जोर ओसरतो.

माझ्याकडे फोंड्याला सध्या तवशीचे (काकडीचे) वेल संपले, काढून टाकले. अळसांदे मांडवावर चढताहेत, तांबड्या भाजीची दुसरी पेरणी वर आलीय. सात शिरांच्या भेंड्याची शेवटची चार फळं मी झाडावरच वाळवतेय, बियांसाठी. करांद्यांचे वेल पिवळे पडायला लागले की कणग्यांकडेही बघेन (दोन्ही वेलीवरचे कंद). तोवर घाई नाही, वेल पूर्ण वाळला की मगच खणायचं, हिरव्या वेलाखालची कणगी पाणचट लागते.

ग्लासातली परीक्षा करून काय दिसलं ते इथेच लिहा, जमल्यास फोटो टाका. धागे दिसले नाहीत तर वरचं चुन्या-खताचं सोडून बाकी बरंच बदलेल. पत्ता कळवलात तर भेंड्याचं थोडं बी पाठवते, ते मात्र जूनमध्ये पेरायचं.