घराचा प्रश्न, ताईचं उत्तर: सगळीकडे तीच टाईल दिसते, मला वेगळी हवीये!

प्रश्न: ताई, पुण्यात सहकारनगरला आमचा जुना टू बीएचके आहे, आता रिनोव्हेशन काढलंय. हॉलला साधी फरशी ठरलीये पण मधला पॅसेज आणि ओट्यामागची भिंत इथे काहीतरी खास नक्षीचं हवंय. तीन-चार शोरूम पालथी घातली, सगळीकडे तीच निळी-पांढरी मोरोक्कन प्रिंट दाखवतात. माझ्या मैत्रिणीकडे तीच, नणंदेकडे तीच. खरंच वेगळी टाईल मिळते कुठे?

उत्तर: सगळीकडे तेच दिसतं त्याला कारण आहे. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाईल्स गुजरातमधल्या मोरबीत बनतात आणि नक्षी आता डिजिटल प्रिंटरने छापली जाते, एक डिझाईन चाललं की सगळे त्याच्या आसपासचंच काहीतरी छापतात, मग तुम्ही गंगाधामला जा नाहीतर टिंबर मार्केटला, बॉक्सवरचं नाव फक्त बदलतं. माल वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही, बाथरूमच्या जमिनीला तर मी मॅट व्हिट्रिफाईडच (न चमकणारी, भट्टीत खूप तापवून घट्ट केलेली) घ्या म्हणते कारण ती अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. पण तुम्हाला वेगळं हवंय ना, मग डिझाईन बघत फिरणं थांबवा आणि टाईल बनते कशी ते विचारत फिरा, कारण हाताने बनलेली टाईल घेतली की नक्षी अगदी जुनीपुराणी असली तरी घर वेगळं दिसतं.

पॅसेजसाठी माझं मत सरळ सिमेंटच्या नक्षीच्या टाईलला. आजीच्या घरी असायची ना लाल-पिवळ्या-काळ्या फुलांची गार फरशी, तीच ही. ही भट्टीत भाजतच नाहीत. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात, त्याच्या एकेका कप्प्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचं पातळ मिश्रण पळीने ओततात, मग जाळी अलगद उचलतात, वर कोरडं सिमेंट-वाळू टाकून प्रेसमध्ये दाबतात आणि पुढे पाण्यात ठेवून पक्की करतात. जाळी उचलताना हात जरासा हलला तर पाकळीची कड किंचित पसरते, दोन टाईल तंतोतंत सारख्या निघत नाहीत. दुकानदार सिमेंटची म्हणून प्रिंटेड दाखवत असेल तर टाईल आडवी धरून कड बघा, खऱ्या टाईलमध्ये रंगाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर अगदी स्पष्ट दिसतो, प्रिंटेडमध्ये वर नुसता पापुद्रा.

मिळतात कुठे, तर मुंबईतली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ पासून या कामात आहे, त्यांच्याकडे जुनी डिझाईन्सपण आहेत आणि आपल्याला हवे ते रंगही निवडता येतात. दुसरा रस्ता तामिळनाडूतल्या चेट्टिनाड भागातलं अथंगुडी गाव, तिथे काचेवर रंग ओतून टाईल करतात, त्यामुळे वरची बाजू काचेसारखी गुळगुळीत निघते आणि वापरून वापरून अजून चकाकते. ऑनलाईन मागवता येतात पण आधी चार-पाच सॅम्पल मागवा, घरात तुमच्या त्या पॅसेजच्या उजेडातच ठेवून बघा, फोनवरचा लाल आणि घरातला लाल यात खूप फरक पडतो हो.

आता हिशोब. पॅसेज समजा बारा फूट बाय साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस स्क्वेअर फूट. आठ इंची टाईल स्क्वेअर फुटाला सव्वादोन लागतात, म्हणजे पंच्याण्णव, वर दहा टक्के जास्तीच्या धरून एकशे पाच मागवा. जास्तीच्या नक्की घ्याच, पुढच्या लॉटला तोच शेड येईलच असं नाही. एकेक टाईल पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळं मिळून एकशे ऐंशी किलोच्या वर, लिफ्ट नसेल तर हमालीचं आधीच बोलून ठेवा. जाडी साधारण वीस मिलिमीटर असते आणि हॉलची व्हिट्रिफाईड आठ-दहा, तेव्हा लेव्हल कशी जुळवणार हे मिस्त्रीला काम सुरू व्हायच्या आधी विचारा, नाहीतर पॅसेजला उंबरा तयार होतो आणि दारं खालून तासावी लागतात. रबरी हातोडीने जोरजोरात ठोकायची नाही, बारीक तडे जातात. ग्राउट, म्हणजे टाईलमधल्या फटी बुजवायचा माल, भरण्याआधी सिलरचा (डाग आत मुरू न देणाऱ्या द्रवाचा) हात मारून घ्या आणि ग्राउट फिक्या रंगाचंच घ्या, गडद ग्राउटचा रंग टाईल पिते आणि मग तो निघत नाही. साफसफाईला ॲसिड तर कधीच नको.

याच कारणासाठी ओट्यामागे ही टाईल लावू नका. लिंबू, चिंच, हळद, फोडणीचं तेल, सगळं तिथेच उडतं आणि सिमेंटला आंबट अजिबात सोसत नाही. तिथे ग्लेझ केलेली, म्हणजे वर काचेसारखा लेप असलेली, हाताची सिरॅमिक टाईल छान दिसेल, पुण्यात स्टुडिओ पॉटरी करणारे बरेच जण आहेत, काही ऑर्डरप्रमाणे टाईल करून देतात. आठ फूट बाय दोन फुटाला सहा इंची चौसष्ट टाईल लागतात, सगळ्या हाताच्या नको असतील तर साध्या पांढऱ्यात मध्ये मध्ये पंधरा-वीस बसवा, खर्च निम्म्याहून खाली येईल आणि नजर बरोबर तिथेच जाईल.

प्रश्न: सदाशिव पेठेत आमच्या आजोबांचं घर आहे, रिडेव्हलपमेंटला जातंय. खाली नक्षीची जुनी फरशी आहे, ती तोडायला जीव धजत नाही. काढून नव्या फ्लॅटमध्ये वापरता येईल का?

उत्तर: येईल, आणि कृपा करून काढाच, असा माल आता पैसे देऊनही तसाच मिळत नाही. पण घराचा ताबा बिल्डरकडे देण्याआधी काढा आणि फरशी आमची आहे हे त्याच्याशी लेखी करून घ्या, एकदा ब्रेकर सुरू झाला की कोणी थांबत नाही. भिंतीकडची एखादी फुटकी फरशी पूर्ण काढून जागा करा, तिथून पुढच्या फरशीखाली चपटी छिन्नी आडवी सरकवत न्या, वरून घाव घालायचा नाही. खाली चुन्याचा माल असेल तर फरश्या अलगद सुटतात, सिमेंटचा असेल तर बऱ्याच फुटतील, मनाची तयारी ठेवा. कपाटाखालच्या आणि पलंगाखालच्या सगळ्यात कमी झिजलेल्या असतात, त्यांच्यावर वेगळी खूण करा. काढायच्या आधी सगळ्या खोलीचे वरून फोटो काढा, बॉर्डर आणि कोपऱ्यांचे तुकडे वेगळे ठेवा, एकावर एक आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावा.

नव्या फ्लॅटमध्ये पूर्ण खोलीपुरत्या उरल्या नाहीत तरी हरकत नाही. चांगल्या फरश्यांची मधोमध एक चौकट करा आणि भोवती त्यातल्याच एखाद्या रंगाची साधी सिमेंट टाईल लावा, जुन्या घरांत अशीच रचना असायची, मुद्दाम जोडल्यासारखी अजिबात वाटणार नाही. उरलेल्या फरश्या देवघराच्या खाली किंवा बाल्कनीतल्या बाकावर बसवा. डिझाईन हुबेहूब हवं असेल तर एक अख्खी फरशी नमुना म्हणून दिली की काही कारखाने त्याचा साचा बनवून देतात, पण साचा महाग पडतो, दहा-पंधरा फरश्यांसाठी परवडत नाही.

प्रश्न: जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या टाईल आणल्यात, बाथरूमच्या जमिनीला चालतील?

उत्तर: नाही चालणार. ब्लू पॉटरी नेहमीच्या मातीची नसते, क्वार्ट्झची पूड, काच आणि मुलतानी माती असं ते मिश्रण, भाजतातही कमी तापमानावर, पायाखालचा भार आणि बादलीची आदळआपट तिला सोसायची नाही. भिंतीवर लावा, तीही शॉवरचा मारा जिथे येत नाही तिथे. आरशाभोवतीची चौकट किंवा वॉशबेसिनच्या वरची एक ओळ एवढं पुरे, बाकी भिंत पांढरी ठेवा म्हणजे तो निळा उठून दिसेल. थोड्याच असतील तर दाराबाहेरच्या नावाच्या पाटीभोवती लावा, मात्र पावसाची झड थेट येत नाही ना ते बघून घ्या.