वाचकांचे प्रश्न : शताब्दी नेमकी कधी, आणि मिरवणूक किती लांब?

प्रश्न : नवी दिल्लीला शंभर वर्षे 2011 सालीच झाली ना? मग 2031 ला पुन्हा शताब्दी कशी?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मोजणी कुठून सुरू करता, त्यावर आहे. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा 12 डिसेंबर 1911 च्या दरबारात झाली. तीन दिवसांनी पंचम जॉर्जने पायाचा दगड बसवला, पण शहर काही त्या दगडाभोवती उभे राहिले नाही. जागा बदलून रायसीना टेकडी ठरली आणि दगडही तिकडे हलवावा लागला. बांधून झालेल्या राजधानीचे उद्घाटन मात्र फेब्रुवारी 1931 मधले. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेराने तिसराच दिवस धरला : शहराचे नाव जाहीर झाले तो, 12 मार्च 1913. संसद तिथे 1927 ला गेली, तरी त्यांनी 2013 मध्येच वर्षभर शताब्दी केली.

दिवस कोणताही धरा, पण कशाचा ते पत्रिकेवर स्पष्ट लिहा. आपल्याकडचेच बघा : 12 ऑक्टोबर 1854 ही कोल्हापूर नगरपालिकेच्या स्थापनेची तारीख. ती शहराचा वाढदिवस म्हणून फ्लेक्सवर छापली, तर कुणीतरी चौकातच हिशेब मागणार.

प्रश्न : आमच्या तालमीच्या दगडी पाटीवर ‘आश्विन शुद्ध 10, शके 1849’ असे कोरले आहे. शताब्दी 2026 ला की 2027 ला, यावरून बैठकीत दोन तट पडले आहेत. मिरवणूक दसऱ्यालाच काढायची आहे. काय काळजी घ्यावी?
– कार्यकर्ते, शिवाजी पेठ

उत्तर : शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, फक्त जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथींना 79 मिळवायचे. म्हणजे स्थापना 1927 ची. शंभरावे वर्ष 2026 च्या दसऱ्याला सुरू होते आणि 2027 च्या दसऱ्याला पुरे होते. पहिल्याला ‘शताब्दी वर्षारंभ’, दुसऱ्याला ‘शताब्दीपूर्ती’ म्हणा. दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत. नोंदणी दाखल्यावरची तारीख मात्र यात आणू नका. सार्वजनिक विश्वस्त कायदाच 1950 चा आहे, त्यामुळे जुन्या संस्थांचे दाखले स्थापनेनंतर बऱ्याच वर्षांचे असतात.

दसऱ्याला मिरवणूक काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या संध्याकाळी दसरा चौकात शाही दसरा असतो आणि बंदोबस्त सगळा तिकडे गुंतलेला. दसऱ्याला तालमीत पूजन आणि ज्येष्ठ मल्लांचा सत्कार करा, मिरवणूक पुढच्या एखाद्या रविवारी. महाद्वार रोडने जाणार असाल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी तुमच्यासाठी सरकणार नाही.

आता लांबी. 800 माणसे चौघांच्या ओळीत, दोन ओळींत दीड मीटर अंतर धरले, तर 300 मीटर होतात. लेझीम आणि ढोल-ताशा मिळून 60 मीटर. चित्ररथाचा प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉली मागच्या-पुढच्या मोकळ्या जागेसह 20 मीटर. सात रथ म्हणजे 140. एकूण अर्धा किलोमीटर. खेळत जाणारी मिरवणूक तासाला फार तर एक किलोमीटर सरकते. दोन किलोमीटरच्या मार्गावर तोंड दोन तासांनी पोहोचते आणि शेपूट त्यानंतर आणखी अर्ध्या तासाने. म्हणून पाचला म्हणजे पाचलाच नारळ फोडा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात, आणि सातला निघालेली मिरवणूक शेवटच्या चौकात हमखास अडकते. सीपीआरसारख्या रुग्णालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असते. तिथे वाद्ये बंद ठेवून चालायचे, हे पथकप्रमुखाला आधीच लिहून द्या.

बिघडते ते बहुधा वळणावर. बिनखांबी गणेश मंदिरापाशी बघ्यांनी रस्ता निम्मा केला, की चौघांची ओळ दोघांची होते. पुढचे निघून जातात, मागचे खोळंबतात, मध्ये खिंडार पडते. उपाय सोपा आहे : निघतानाच तिघांची ओळ धरा (तेव्हा लांबी 100 मीटरने वाढेल, ती हिशेबात घ्या) आणि सर्वांत सावकाश चालणारे पथक सगळ्यांत पुढे ठेवा. रथाच्या उंचीएवढा बांबू घेऊन आधी मार्ग पायी फिरून या, म्हणजे आडव्या तारा आणि कमानी कळतील. उंची मोजताना ट्रॉलीचा पाटा (ज्यावर देखावा उभा असतो तो तळ) जमिनीपासून किती उंच आहे, हे धरायचे बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : स्मरणिकेसाठी 4 × 6 इंची जुने फोटो जमवतोय. मोबाइलवर काढलेले चालतील का?
– वाचनालय समिती, मंगळवार पेठ

उत्तर : नाही. काचेची चमक येते आणि कडा वाकतात. 600 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. त्यातून प्रदर्शनासाठी 12 × 18 इंची प्रिंट चांगली निघते. 24 × 36 हवी असेल तर 1200 डीपीआय. मूळ फोटोला लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, फोटो पालथा ठेवून, हलक्या हाताने. स्मरणिकेची पाने 16 च्या पटीत ठेवा. 128 पानांना आठ फर्मे (एका तावावर एकदम छापली जाणारी 16 पाने म्हणजे एक फर्मा) लागतात. पाने 130 झाली, की दोन पानांसाठी नववा फर्मा धरावा लागतो. जाहिराती उशिरा येतातच, तेव्हा शेवटचा फर्मा त्यांच्यासाठी रिकामा ठेवून बाकीचे आधी छपाईला द्या.